जाल, जाळे आणि जाळी : पेसकारकन्येच्या कथेचे एक वाचन

मराठीत 'जाळे' हा शब्द उच्चारला की त्याच्या मागे 'माया' हा शब्द जणू आपोआप येऊन उभा राहतो. 'मायाजाल', 'संसाराचे जाळे', 'मोहाचे जाळे' हे शब्दप्रयोग आपल्या कानांवर लहानपणापासून पडत आलेले असतात. त्यामुळे पालि वाङ्मयातील 'जाल' हा शब्द वाचताना आपण त्याचा अर्थ शोधत नाही. तो आधीच आपल्याजवळ आहे असे गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचा थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही धम्मपद-अट्ठकथेतील एक प्रसिद्ध कथा घेतली आहे. लोकवग्गातील १७४ व्या गाथेच्या निमित्ताने सांगितलेली आळवीच्या पेसकारकन्येची, म्हणजे विणकराच्या मुलीची, ही कथा होय.

ही कथा निवडण्यास एक निमित्त घडले. परळ भागातील एका अभ्यासवर्गात वर्षावासाच्या काळात लोकवग्गाचे वाचन चालू होते. कथा संपली. पक्षी ज्यातून सुटतो ते जाळे म्हणजे हे मायावी जग, असा खुलासाही झाला. तेव्हा मागे बसलेले एक वृद्ध उपासक उठले. त्यांची आणि त्यांच्या वडिलांची सारी हयात गिरणीच्या त्रासन खात्यात गेलेली. ते म्हणाले, "भन्तेजी, जग माया आहे असे म्हटले तर माझ्या वडिलांना साचेखात्यात कोणी घेतले नाही, तीही मायाच का? आणि तो विणकर बाप साच्यावर बसल्या बसल्या का झोपला, हे कथेत कोणी विचारत कसे नाही?" वर्गात काही काळ कोणी बोलले नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी आम्हांला देता आली नाहीत. पुढील विवेचन म्हणजे ती देण्याचा एक प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. पालि वाङ्मयात 'जाल' हा शब्द ज्या महत्त्वाच्या ठिकाणी येतो, त्यांत दीघनिकायातील पहिले सुत्त अग्रभागी आहे. राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यानच्या वाटेवर सुप्पिय परिव्राजक आणि त्याचा शिष्य ब्रह्मदत्त यांच्या संवादाने त्याचा आरंभ होतो, आणि पुढे आत्मा व जग यांविषयीच्या तत्कालीन बासष्ट दृष्टींची छाननी होते. अखेरीस भगवंत एक उपमा देतात. कुशल कोळ्याने किंवा त्याच्या शिकाऊ मुलाने बारीक घरांचे जाळे लहानशा तळ्यावर टाकावे आणि तळ्यातील मोठे जीव त्या जाळ्यातच वर-खाली उसळत राहावेत, तसे हे सर्व मतवादी या बासष्ट दृष्टींच्या जाळ्यात सापडलेले आहेत. या उपदेशाला काय नाव द्यावे असे आनंदांनी विचारल्यावर जी पाच नावे सांगितली जातात, त्यांपैकी चार नावे 'जाल' या शब्दाने संपतात : अत्थजाल, धम्मजाल, ब्रह्मजाल आणि दिट्ठिजाल. पाचवे नाव 'अनुत्तर संगामविजय' असे आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, जाळ्यात सापडलेले लोक जगात आहेत म्हणून सापडलेले नाहीत. ते आपल्या मतांमुळे, म्हणजे दृष्टींमुळे सापडले आहेत. तळे हे जाळे नव्हे. दुसरी अशी की, या उपमेत जाळे टाकणारा शत्रू नाही. धम्माचा उपदेश हेच येथे जाळे आहे. दृष्टी किती आणि कोणत्या हे मोजण्याचे, एकही निसटू न देण्याचे ते साधन आहे. वरळी किंवा माहीमच्या कोळीवाड्यातील वाचकाला हे अधिक सांगावे लागणार नाही. भरती-ओहोटीच्या ओढीत बांधलेली डोल वेगळी आणि हाताने फेकलेला पाग वेगळा. कोणत्या पाण्यात कोणते जाळे आणि त्याचे घर किती बारीक, हे सारे ज्ञानच असते. मत्स्यहत्येच्या उपजीविकेला धम्मात मान्यता नाही हे खरे. पण त्या कसबाची उपमा द्यावयास भगवंतांना संकोच वाटलेला नाही, आणि यशोज स्थविरांसह मच्छिमारांची मुले संघात आल्याची परंपराही अट्ठकथेने जपली आहे.

दुसरा महत्त्वाचा वापर तृष्णेच्या संदर्भात येतो. तृष्णेला धम्मपदात 'जालिनी', म्हणजे जाळे असलेली, असे विशेषण आहे, आणि मोहासारखे दुसरे जाळे नाही असा आशयही त्याच ग्रंथात अन्यत्र आला आहे. विसुद्धिमग्गाच्या प्रारंभी बुद्धघोषाचार्य 'जटा' या शब्दाचा अर्थ हीच जालिनी तृष्णा असा करतात आणि बांबूच्या बेटातील एकमेकींत गुंतलेल्या फांद्यांचा दाखला देतात. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेला हा ग्रंथ मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० साली प्रकाशित केला. येथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. आपण करवंदीची 'जाळी' म्हणतो, कोळ्याचे 'जाळे' म्हणतो आणि खिडकीची 'जाळी'ही म्हणतो. गुंता, सापळा आणि उजेड आत घेणारे छिद्रयुक्त आवरण हे तिन्ही अर्थ आपल्या एका शब्दात नांदतात. 'मायाजाल' या एकाच समासाने ही समृद्धी झाकून टाकावी, हे बरे नव्हे.

आता मूळ कथेकडे वळू. आळवी येथे भगवंतांनी मरणस्मृतीचा उपदेश केला. अनेकांनी ऐकला आणि विसरून गेले. सोळा वर्षांच्या एका विणकरकन्येने मात्र तो मनावर घेतला आणि तीन वर्षे त्याचा अभ्यास केला. एके दिवशी पहाटे भगवंत जगाचे अवलोकन करीत असता ही कन्या त्यांच्या 'ञाणजाला'त, म्हणजे ज्ञानाच्या जाळ्यात आलेली त्यांना दिसली, आणि तिच्यासाठी ते जेतवनाहून तीस योजने चालून आळवीस आले. त्याच दिवशी बापाने मुलीला सांगितले होते की, दुसऱ्याचे कापड मागावर चढविले आहे, वीतभर विणायचे उरले आहे, ते आज पुरे करावयाचे आहे. तरी कांड्या लवकर भरून आण. मुलीपुढे पेच पडला. उपदेशाला जावे की कांड्या भराव्यात? कांड्या नेल्या नाहीत तर बाप मारील. तिने आधी कांड्या भरल्या आणि टोपली घेऊन मागाच्या शाळेकडे निघता निघता ती सभेच्या कडेला उभी राहिली. तोपर्यंत भगवंत उपदेश न करता स्तब्ध बसून होते.

पुढचा चार प्रश्नांचा प्रसंग सर्वश्रुत आहे. कोठून आलीस, कोठे जाणार, ठाऊक नाही काय, ठाऊक आहे काय, असे ते प्रश्न. तिची उत्तरे लोकांना उद्धटपणाची वाटली. परंतु ती जन्म, मरण, मरणाची निश्चिती आणि मरणाच्या वेळेची अनिश्चिती यांविषयी होती. या प्रसंगी गाथा सांगितली गेली. अट्ठकथा तिचा अर्थ असा लावते : कुशल पारध्याने टाकलेल्या जाळ्यातून लाव्यांपैकी एखादाच सुटतो, बाकीचे आत अडकतात, तसेच माराच्या जाळ्याचे आहे. मुलगी स्रोतापन्न झाली. टोपली उचलून ती बापाकडे गेली. तो मागावर बसल्या बसल्या झोपला होता. टोपली मागाच्या टोकाला लागून आवाज झाला, तो दचकून जागा झाला, सवयीने त्याने माग ओढला आणि मागाचे टोक मुलीच्या छातीत बसून ती तेथेच मरण पावली. बाप रडत भगवंतांकडे गेला आणि पुढे भिक्षू झाला.

या एका कथेत दोन जाळी आहेत, ही गोष्ट बहुतेक निवेदनांतून निसटते. एक माराचे जाळे, ज्यातून सुटायचे. दुसरे ज्ञानाचे जाळे, ज्यात सापडणे हेच भाग्य. एकाच कथेत एकच शब्द परस्परविरुद्ध अर्थांनी आला आहे, आणि अट्ठकथाकाराला त्यात काही विसंगती वाटलेली नाही. जाळे म्हणजे मायावी जग हा अर्थ घेतला तर दुसऱ्या जाळ्याचे काय करायचे? तथागतांचे ज्ञानही माया ठरेल. म्हणून हा अर्थ कथेतच टिकत नाही. मार म्हणजे तरी काय? सुत्तनिपातातील पधानसुत्तात माराच्या ज्या सेना सांगितल्या आहेत, त्यांत काम, अरती, भूक-तहान, तृष्णा, आळस, भय आणि शंका यांची गणना आहे. हे सर्व अनुभवाचे विषय आहेत; यांत 'जग भासमान आहे' असा सिद्धान्त नाही. जाळे खरे असते. ते कोणी तरी विणलेले असते, गाठीगाठीने विणलेले असते, आणि म्हणूनच ते उसवताही येते. जे आभास आहे ते उसवावे लागत नाही. जे कारणांनी निर्माण झाले आहे तेच कारणे दूर केल्याने नाहीसे होते. प्रतीत्यसमुत्पादाचे हे सूत्र 'मायाजाल' या शब्दाने पुसले जाते, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

येथे त्या वृद्ध उपासकांचा पहिला प्रश्न पुन्हा विचारात घ्यावा लागतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, प्रवेश नव्हता. धोट्यात सूत ओढून घेताना विणकराला ते तोंडाने ओढावे लागे; त्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागल्यास आपण बाटू, असा इतर कामगारांचा आक्षेप असे. साचेखात्यातील मजुरी अधिक होती आणि त्रासन खात्यात तुलनेने कमी होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला आणि कामगार ऐक्याची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांना त्याचे उत्तर द्यावयास लावले. दिट्ठिजालाचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला गिरणगावात दुसरे दिसत नाही. स्पर्शाने माणूस बाटतो, ही एक दृष्टी. ती डोळ्यांना दिसत नाही. पण तिच्यामुळे मजुरी कमी होत होती, घरातली चूल कमी पेटत होती. अशा जाळ्याला माया म्हणून मोकळे होणे म्हणजे विणणाऱ्याला निर्दोष ठरविणे होय. उपासकांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्पष्टच सांगावयास हवे : नाही, ती माया नव्हती. ते जाळे होते, आणि ते माणसांनी विणले होते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. बाप का झोपला? अट्ठकथा त्याचे कारण देत नाही; मुलीला लाभलेल्या सद्गतीकडे ती वळते. टीकाकार या नात्याने येथे आम्हांला कथेची मर्यादा दाखवावीशी वाटते. मृत्यू केव्हाही येतो हे कथेला पटवून द्यायचे आहे. मागावर झोपलेल्या माणसाचा थकवा तिचा विषय नाही. तथापि कथेने सामग्री मात्र लपविलेली नाही. कापड दुसऱ्याचे होते. वीतभर उरले होते. ते त्याच दिवशी द्यायचे होते. ज्याने रात्रपाळी केली आहे, डोळा लागला तरी हात साच्यावर फिरताना पाहिले आहे, त्याला एवढा तपशील पुरेसा आहे. आळवीचा माग आणि परळचा साचा यांत अंतर मोठे असले तरी दुसऱ्याच्या कापडापायी आलेली झोप एकच आहे. कथाकाराने जे सांगितले नाही ते वाचकाने आपल्या आयुष्यातून भरून काढले, यात ग्रंथाचा अनादर नाही. श्रद्धेने केलेल्या वाचनाचीच ती एक रीत आहे.

याच ठिकाणी ञाणजालाविषयीचा एक सुखद गैरसमजही दूर केला पाहिजे. ज्ञानाच्या जाळ्यात सापडलेल्या मुलीचे प्राण वाचले नाहीत. ते जाळे पडणाऱ्याला झेलणारे जाळे नव्हे. ते पाहणारे जाळे आहे. हजारोंच्या गर्दीतून कांड्यांची टोपली घेतलेली एक मुलगी त्यातून सुटत नाही, तिच्यासाठी तीस योजनांची वाट चालली जाते, आणि तिचे काम आटोपेपर्यंत सभा थांबविली जाते. करुणेचा पहिला धर्म पाहणे हा आहे, असे ही कथा सांगते. अट्ठकथेतील या जाळ्याची घरे किती बारीक असली पाहिजेत, याची कल्पना त्यावरून यावी.

जाळ्याच्या अर्थाची तिसरी बाजू सम्मोदमान जातकात आहे. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले लावे एकेका घरात मान घालून एकदम उडतात, जाळे उचलून नेतात आणि काटेरी झुडपावर टाकून खालून निसटतात. पुढे त्यांच्यात भांडण लागते, 'तू उचल, तू उचल' असे होते, आणि पारधी त्यांना सहज पकडतो. येथे जाळे फाटलेले नाही, उसवलेलेही नाही. ज्या घरांत माना अडकायच्या त्याच घरांचा आधार घेऊन ते उचलले गेले आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेतला लावा एकटा सुटतो. जातकातले लावे मिळून सुटतात. मुक्तीची ही दोन चित्रे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्या संपाचा शेवट ज्यांनी भोगला, त्यांना जातकाच्या उत्तरार्धाचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

आज गिरणगावातून फिरताना निरनिराळ्या प्रकारची जाळी दिसते. जेथे धुराडी होती तेथे वाढणाऱ्या मनोऱ्यांवर हिरवी जाळी चढविलेली असते. दादरच्या गॅलऱ्यांना कबुतरे येऊ नयेत म्हणून नायलॉनची जाळी असते. गिरगावच्या चाळीत मच्छरदाणीखाली मूल निजलेले असते. यांतील प्रत्येक जाळी कोणाला तरी आत ठेवते आणि कोणाला तरी बाहेर. ती कोणासाठी बांधली, एवढेच विचारावयाचे असते.

या दृष्टीने दक्षिण मुंबईतील एक जाळी आमच्या वाचकांनी विचारात घ्यावी. २०१८ च्या प्रारंभी भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या धुळे जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतले आणि पुढे त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका तरुणाने इमारतीतून उडी घेऊन प्राण दिला. त्याच फेब्रुवारीत मंत्रालयाच्या मधल्या मोकळ्या चौकावर संरक्षक जाळी बांधण्यात आली. या जाळीची थट्टा करणे आम्हांला मान्य नाही. एकाही माणसाचा जीव वाचत असेल तर ती हवीच. प्राणरक्षण हे प्रथम कर्तव्य आहे. परंतु आर्यसत्यांच्या क्रमाने पाहिले तर ही जाळी दुःखाच्या शेवटच्या क्षणाला झेलते. समुदयापर्यंत तिचा हात पोहोचत नाही. अर्ज कोठे अडकला, मोबदला कोणी ठरविला, माणूस वरच्या मजल्याच्या कठड्यापर्यंत का आला, या प्रश्नांसाठी वेगळे, पाहणारे जाळे लागते. ज्या राज्यकारभाराजवळ झेलणारी जाळी आहे पण पाहणारे जाळे नाही, त्याने पेसकारकन्येची कथा अर्धीच वाचली, असे म्हणावे लागेल.

आणि या जाळीचा पुढचा इतिहास तर जातकाची आठवण करून देतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अप्पर वर्धा धरणग्रस्त शेतकऱ्यांनी याच जाळीवर उतरून आपले गाऱ्हाणे मांडले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी लोकप्रतिनिधी अनुसूचित जमातींच्या आरक्षणाच्या प्रश्नावर तेथेच उतरले. माणसे पडू नयेत म्हणून जी बांधली, तीच माणसांना उभे राहून बोलण्याची जागा झाली. त्या मागण्यांच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. जाळ्याचा अर्थ ते बांधणाऱ्याच्या हाती कायम राहत नाही, एवढेच येथे दाखवायचे आहे.

शब्दाला धरून बसणे आणि शब्दामागील प्रयोजन ओळखणे यांतील भेद बुद्धघोषाचार्यांनीही याच शब्दाच्या बाबतीत दाखविला आहे. महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत 'जालहत्थपाद' हे एक लक्षण आहे. बोटांमध्ये हंसासारखा पडदा, असा अर्थ पुष्कळांनी केला आणि काही मूर्तींत बोटांमधली जागा भरलेली दिसते तिचा संबंध त्याच्याशी जोडला. बुद्धघोष हा अर्थ नाकारतात. कातड्याने जोडलेली बोटे हे व्यंग असून अशा माणसाला प्रव्रज्याही मिळत नाही, असे ते सांगतात. कुशल सुताराने जोडलेल्या खिडकीच्या जाळीप्रमाणे बोटे सारखी आणि नीट बसलेली, असा अर्थ ते देतात. बांधणारे पडदे नव्हेत, तर उजेड आत सोडणारी जाळी. हा अर्थ स्वीकारण्यात शब्दाशी बेइमानी झाली असे कोणी म्हटलेले नाही.

१९३७ साली धर्मानंद कोसंबी यांनी परळमध्ये बहुजन विहार उभारला तो गिरणगावातील श्रमिकांपर्यंत बुद्धाचा विचार पोहोचावा म्हणून. त्या श्रमिकांच्या वंशजांपुढे आज आपण धम्मपद वाचतो, तेव्हा 'जाल' या शब्दाचे भाषांतर 'मायाजाल' असे न करता 'जाळे' एवढेच करावे, आणि ते कोणी विणले हा प्रश्न श्रोत्यांसाठी मोकळा ठेवावा, अशी आमची अनुवादकांना व प्रवचनकारांना नम्र सूचना आहे. पुढील वर्षावासात आमच्या अभ्यासवर्गात हीच कथा पुन्हा वाचावयाची असे ठरले आहे. त्या दिवशी निवेदनाला आरंभ पहाटेच्या अवलोकनापासून न करता मागावर उरलेल्या त्या वीतभर कापडापासून करावा, असे त्या वृद्ध उपासकांनी सुचविले आहे, आणि आम्ही ते मान्य केले आहे.